दृश्य, श्राव्य की आणखी काही? शिकण्याच्या तऱ्हा, सर्जनशीलता आणि वर्ग

तुमची शिकण्याची तऱ्हा कोणती, हे सांगणाऱ्या प्रश्नावल्यांमध्ये एक प्रश्न हमखास असतो. कुणाला तरी रस्ता सांगायचाय. तुम्ही नकाशा काढून द्याल, तोंडी सांगाल, लिहून द्याल, की सोबत चालत जाल? नकाशा काढणारा ‘दृश्य’ प्रकारचा, तोंडी सांगणारा ‘श्राव्य’, लिहून देणारा वाचन-लेखनवाला आणि सोबत निघणारा कृतीतून शिकणारा. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात ही प्रश्नावली हातात आली तेव्हा मी याच प्रश्नापाशी अडले. विचारणारा फोनवर असला तर मी तोंडीच सांगणार ना! समोर असला तर हातवारे करीन. वयस्कर आणि गोंधळलेला असला तर चार पावलं सोबत जाईन. दहाजणांना कळवायचं असलं तर लिहून काढीन. उत्तर माझ्या मेंदूच्या ठेवणीवर कमी आणि विचारणाऱ्याच्या गरजेवर जास्त ठरत होतं. तरी एका चौकटीत खूण केली, बेरीज केली आणि ‘दृश्य’ असा शिक्का घेऊन परतले.

वाईट एवढंच, की पुढची दोन वर्षं तोच शिक्का मी वर्गातल्या मुलांवरही मारत होते. हा ऐकून शिकणारा, ती बघून शिकणारी, तो मागच्या बाकावरचा हाताने करून शिकणारा. हेतू चांगला होता. प्रत्येक मूल वेगळं असतं, सगळ्यांना एका साच्यात कोंबू नये, असं मनापासून वाटत होतं. ते आजही वाटतं. फक्त हे वेगळेपण नेमकं कशात असतं, याचा माझा अंदाज चुकला होता.

कप्पे आले कुठून?

दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती ही चौकट न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ च्या सुमारास मांडली. अमेरिकेतल्या डेव्हिड कोल्ब यांची वर्गवारी वेगळी, ती अनुभवातून शिकण्याच्या चक्रावर बेतलेली. ही फक्त दोन नावं झाली. ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मोजदाद केली, तेव्हा अशा ७१ चौकटी निघाल्या. एकाच माणसाला एकाहत्तर तऱ्हांनी कप्प्यात बसवता येत असेल, तर कप्पे माणसात आहेत की कागदावर, ही शंका तिथेच यायला हवी होती.

यात आणखी एक गल्लत नेहमी होते. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बहुविध बुद्धिमत्तांची कल्पना मांडली. भाषिक, तार्किक, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक अशा वेगवेगळ्या बुद्धिमत्ता असतात, असं त्यांचं म्हणणं. बुद्धिमत्ता म्हणजे कशात गती आहे; शैली म्हणजे कोणत्या वाटेने शिकता. या दोन गोष्टी एक नाहीत, हे गार्डनर यांनी स्वतः पुढे स्पष्ट केलं. तरी शिक्षकांच्या टिपणवह्यांमध्ये दोन्ही एकाच पानावर, एकाच रंगाच्या पेनाने लिहिलेलं असतं. माझ्याही होतं.

आता मुख्य मुद्दा. या चौकटींच्या मागे एक दावा आहे: मुलाच्या शैलीला जुळेल अशा पद्धतीने शिकवलं तर ते मूल अधिक चांगलं शिकतं. हा दावा तपासायचा कसा? २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी याची कसोटी नेमकी मांडली, आणि ती समजायला अजिबात अवघड नाही. प्रश्नावलीवरून मुलांचे दोन गट करा, ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’. प्रत्येक गटातल्या निम्म्यांना तोच धडा चित्रांमधून शिकवा, निम्म्यांना ऐकवून. मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. दावा खरा असेल तर दृश्य मुलांमध्ये चित्रवाले पुढे दिसले पाहिजेत आणि श्राव्य मुलांमध्ये ऐकणारे. दोन्ही गटांना चित्रांचाच फायदा झाला, तर त्यातून एवढंच कळेल की त्या धड्याला चित्रं बरी पडतात. शैलीबद्दल काहीच सिद्ध होणार नाही.

या चौघांनी तोवरचं संशोधन चाळलं. एवढ्या काटेकोरपणे केलेले प्रयोग फारच थोडे निघाले, आणि जे निघाले त्यांतल्या बहुतेकांचे निष्कर्ष दाव्याच्या विरोधात जाणारे होते. त्यानंतरच्या काळातही चित्र पालटलेलं नाही.

विश्वास मात्र ढळला नाही. २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारलं, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांना शैली जुळवून शिकवण्याची ही कल्पना खरी वाटत होती. यात शिक्षकांना हसण्यासारखं काही नाही. वर्गात रोज उभं राहणाऱ्याला मुलांमधला फरक डोळ्यांनी दिसतो. कुणी फळ्यावरची आकृती पाहताच मान डोलावतं, कुणाला तीच गोष्ट दोनदा बोलून दाखवावी लागते. या दिसणाऱ्या फरकाला कुणीतरी एक सुबक नाव दिलं, आणि ते पटलं.

शिवाय आवड खरी असते. मुलाला विचारलं तर ते सांगतंच, मला व्हिडिओ आवडतो, मला वाचायला आवडतं. गडबड होते ती आवडणं आणि उमगणं यांना एकच धरल्यामुळे. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली केलेला एक प्रयोग यावर चांगला प्रकाश टाकतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचणं सोपं जातं, हवंहवंसं वाटतं, आणि आता आपल्याला येतंय असा भास होतो. पाठ्यपुस्तक मिटून कोऱ्या कागदाकडे बघत बसणं कुणालाच आवडत नाही. टिकतं मात्र तेच.

शिक्क्याचा तोटा काय, असं कुणी विचारेल. मूल थोडं खूश होतं, शिक्षकाला दिशा मिळते, बिघडलं काय? बिघडतं ते असं. ‘मी दृश्य प्रकारची आहे’ हे वाक्य बघता बघता ‘मला वाचून कळत नाही’ असं होतं, आणि मग मूल वाचायचं टाळतं. वाचनाचा सराव ज्याला सगळ्यात जास्त हवा, त्याच्याच हातात न वाचण्याचं प्रमाणपत्र पडतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आणखी बोचरी गोष्ट दिसली. एखाद्या मुलाचं वर्णन ‘बघून शिकणारा’ असं केलं की तो हुशार असावा, असं लोकांना वाटतं. ‘हाताने करून शिकणारा’ म्हटलं की तितका हुशार नसावा, असं वाटतं. पालकांना, शिक्षकांना आणि खुद्द मुलांनाही. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी दिलेला शिक्का माझ्या मते कौतुकाचा होता. त्याच्या कानांवर तो कसा पडला असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग मुलांमुलांत फरक नसतो का?

असतो, आणि बराच असतो. सगळ्यात मोठा फरक आधीच्या माहितीचा. ज्याला गुणाकार नीट येतो आणि ज्याला येत नाही, ती दोन मुलं भागाकाराच्या तासाला शेजारी बसलेली असली तरी दोन वेगळ्या वर्गांत असतात. नवख्याला टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवलेलं उदाहरण हवं असतं. जाणत्याला तेच उदाहरण कंटाळा आणतं, कधी कधी आडही येतं. दुसरा फरक भाषेचा, कारण घरची आणि पुस्तकाची भाषा वेगळी असेल तर प्रश्न समजण्यातच निम्मी शक्ती जाते. एकाग्रता, भीती, आवड, आदल्या रात्रीची झोप हे फरकही आहेतच.

काही फरक याहून मूलभूत असतात. दिसत नसलेल्या मुलाला ब्रेल लागते, ऐकू न येणाऱ्याला खुणांची भाषा लागते, अक्षरं ओळखताना अडखळणाऱ्याला वेगळी मदत आणि जास्तीचा वेळ लागतो. या गरजा आहेत. त्यांना ‘शैली’च्या यादीत घातलं की त्यांचं गांभीर्य कमी होतं, म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

थोडक्यात, फरक ओळखायचा तर ‘हे मूल कोणत्या प्रकारचं?’ यापेक्षा ‘या मुलाला आत्ता नेमकं काय येतं आणि कुठे अडलंय?’ हा प्रश्न जास्त उपयोगी. याचं उत्तर दर आठवड्याला बदलतं, म्हणून तो कटकटीचा आहे. शिक्का एकदा मारला की वर्षभर पुरतो.

तीन-चतुर्थांशाचे चेहरे

आता कुणी म्हणेल, शैलींचा दावा पोकळ निघाला, म्हणजे खडू-फळा आणि व्याख्यानच बरं. तसं अजिबात नाही. वर्गात विविधता हवीच. फक्त ती कशासाठी, हे कारण बदलतं. एक उदाहरण जरा निवांत बघू.

तीन-चतुर्थांश हा अपूर्णांक घ्या. बहुतेक पुस्तकांत एक वर्तुळ असतं, त्याचे चार समान भाग, तीन रंगवलेले. चांगलं चित्र आहे. पण हेच एक चित्र डोक्यात घेऊन गेलेलं मूल पुढे पाच-चतुर्थांशापाशी थबकतं. ‘तुकडे चारच होते, पाच रंगवायचे कुठून?’ मुलाचा तर्क बिनचूक आहे. त्याला दिलेलं चित्रच तोकडं आहे.

आता कागदाची एक लांब पट्टी घ्या, दोनदा घडी घाला, उलगडा. चार भाग दिसतील. तीन भागांपाशी बोट ठेवा. इथे अपूर्णांक म्हणजे एक लांबी झाली. ती पट्टी संख्यारेषेवर शून्यापासून एकपर्यंत ठेवा. तीन-चतुर्थांश ही अर्धा आणि एक यांच्या मधली एक जागा झाली, म्हणजे चक्क एक संख्या. आणि संख्यारेषा एकाच्या पुढेही जाते, त्यामुळे पाच-चतुर्थांशाला आपोआप घर मिळतं. मग चार मुलांना तशाच तीन पट्ट्या द्या आणि सारख्या वाटून घ्या म्हणावं. थोडी झटापट होते, पण शेवटी प्रत्येकाकडे पाव-पाव पट्टीचे तीन तुकडे येतात. म्हणजे तीन भागिले चार केलं तरी तीन-चतुर्थांशच. हे वर्तुळाच्या चित्रात कुठेच दिसत नव्हतं. शेवटी मोठ्याने वाचा: चारातले तीन, पाऊण, शून्य पूर्णांक पंचाहत्तर शतांश. एकाच गोष्टीची ही तीन नावं.

यातली पट्टी कृतीवाल्यांसाठी, संख्यारेषा दृश्यवाल्यांसाठी आणि वाचन श्राव्यवाल्यांसाठी, अशी वाटणी केली असती तर काय झालं असतं? प्रत्येक मुलाला अपूर्णांकाचा एकेकच चेहरा दिसला असता. हे सगळे चेहरे सगळ्या मुलांनी बघायचे असतात. वेगवेगळी माध्यमं हवीत, कारण विषयालाच अनेक बाजू असतात आणि एका माध्यमात त्यातली एकच नीट दिसते. नकाशा ऐकून कळत नाही. कवितेचा ठेका मूक वाचनात मावत नाही. गाठ कशी मारायची हे कितीही सुंदर लिहिलं तरी दोरी हातात घ्यावीच लागते. म्हणून माध्यम निवडताना आधी विषयाला विचारायचं.

शब्द आणि चित्र एकत्र आले की आठवण पक्की होते, याचं एक स्पष्टीकरण कॅनडाचे ॲलन पायवियो यांनी १९७१ साली दिलं होतं. शब्दांची नोंद एका वाटेने होते, प्रतिमांची दुसऱ्या. दोन्हीकडून नोंद झालेली गोष्ट आठवताना एक वाट बंद पडली तरी दुसरी उघडी राहते. अट एकच, चित्र त्या गोष्टीबद्दलचं हवं. बाष्पीभवनाच्या परिच्छेदाशेजारी हसणारा ढग काढला तर पान गोड दिसतं, कळण्यात भर पडत नाही. आणि सरकत्या स्लाइडवर लिहिलेलं वाक्य शब्दशः वाचून दाखवणं याला दोन माध्यमं म्हणत नाहीत. तिथे वाचणं आणि ऐकणं एकमेकांच्या पायात येतात.

शिकलेलं दाखवण्याच्या वाटाही अनेक असू शकतात. जलचक्र समजलं का, हे निबंधातून कळतं, आकृतीतून कळतं, धाकट्या वर्गातल्या मुलाला समजावून सांगण्यातूनही कळतं. इथे मोकळीक द्यायला काहीच हरकत नाही, एक पथ्य पाळलं म्हणजे झालं: तपासायचं आहे तेच टाळू द्यायचं नाही. निबंधलेखन शिकवत असू तर निबंधच लिहायला हवा, तिथे भित्तिचित्राचा पर्याय चालणार नाही.

सर्जनशीलता म्हणजे चमकी नव्हे

सर्जनशीलता म्हटलं की शाळेत चित्रकलेचा तास, हस्तकला, स्नेहसंमेलन एवढंच डोळ्यांसमोर येतं. प्रकल्पांचं तर विचारू नका. सुबक कापलेल्या पुठ्ठ्याला चमकी लावलेली असते, अक्षर आईचं किंवा ताईचं असतं, आणि मुलाला विचारलं तर ‘यात काय दाखवलंय’ हे धड सांगता येत नाही.

मानसशास्त्रात सर्जनशीलतेची जी व्याख्या सर्वसाधारणपणे मानतात, तिला दोन पाय आहेत: गोष्ट नवी हवी आणि कामाची हवी. काहीही वेगळं म्हणजे सर्जनशील नाही. दोन अधिक दोन बावीस हे वेगळं आहे, बरोबर नाही. आणि नवी म्हणजे कुणासाठी नवी? जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेघेट्टो यांनी २००९ साली सर्जनशीलतेच्या चार पायऱ्या मांडल्या. सगळ्यात वर इतिहास बदलणारी प्रतिभा, त्याखाली व्यवसायात मुरलेल्यांची, त्याखाली रोजच्या जगण्यातली, आणि सगळ्यात खाली, अगदी इवलीशी, शिकणाऱ्याला स्वतःला नव्याने गवसलेली. नवाचा पाढा म्हणता म्हणता एखाद्या मुलीच्या लक्षात येतं, की दहाच्या पुढे एककातला अंक एकेकाने घटतोय आणि दशकातला वाढतोय. जगाला ही गोष्ट शतकानुशतकं ठाऊक आहे. तिला आज कळली, कुणी न सांगता. वर्गात जपायची ती ही पायरी. वरच्या तीन तिच्यावरच चढतात.

‘पाठांतराने सर्जनशीलता मरते’ हे वाक्य मी फार ऐकलंय, एकेकाळी म्हटलंही आहे. आज ते अर्धंच पटतं. अर्थ न कळता घोकणं वाईटच. पण रिकाम्या डोक्यातून नवं काही येत नाही. १९९४ साली थॉमस वॉर्ड यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पूर्णपणे वेगळ्या ग्रहावरचे प्राणी कल्पनेने काढायला सांगितलं. कसलंच बंधन नव्हतं. तरी बहुतेकांनी डावी-उजवी बाजू सारखी असलेले, डोळे आणि पाय असलेले प्राणी काढले. कल्पना कितीही मोकळी सोडली तरी ती माहीत असलेल्या मालातूनच घर बांधते. ज्याला ऑक्टोपस, स्पंज, बुरशी, सूक्ष्मजीव ठाऊक आहेत त्याच्याकडे जास्त तऱ्हेच्या विटा असतात. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली पंधरा वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारशक्तीही तपासली गेली. तीत सिंगापूर पहिलं आलं, आणि त्याच फेरीत गणितातही पहिलं सिंगापूरच होतं. एका देशावरून नियम काढू नये, पण या दोन गोष्टींचं हाडवैर असल्याचं तरी दिसत नाही.

मग ती मरते कशाने? मला जे तीन संशयित वाटतात, त्यांतला पहिला जरा अनपेक्षित आहे: बक्षीस. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायची हौस असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणीचं आणि रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी तेच दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं पुन्हा मांडून ठेवली. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची हौस शाबूत होती. स्वतःच्या आनंदासाठी चालणारं काम एकदा मोबदल्याचं झालं, की मोबदला संपताच ते थांबतं. याचा अर्थ कधीच शाबासकी देऊ नये असा नाही, आणि ज्या कामाची मुलाला मुळीच गोडी नाही तिथे हे गणित वेगळं असतं. पण जे मूल आपणहून रमलंय, त्याच्यापुढे तारे आणि स्टिकर नाचवायची आपल्याला इतकी घाई का असते, हे मात्र विचार करण्यासारखं आहे.

दुसरा संशयित घाई. मेरी बड रो यांनी विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती वेळ थांबतात? साधारण एक सेकंद. तेवढ्यात फक्त पाठ असलेलं उत्तर येऊ शकतं. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. उद्या वर्गात मनातल्या मनात मोजून बघा. शांतता इतकी टोचते की दुसऱ्याच सेकंदाला आपणच उत्तर देऊन टाकतो.

तिसरा संशयित आपण स्वतः. १९९५ साली अमेरिकेत प्राथमिक शिक्षकांवर झालेल्या एका अभ्यासात, सर्जनशील मुलं आवडतात असं शिक्षकांनी सांगितलं. पण त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्यांचे गुण तपासले तर ते सर्जनशील मुलांशी फारसे जुळत नव्हते. नावडत्यांचे जास्त जुळत होते. हे वाचल्यावर मी माझ्या डोळ्यांसमोर दोन नावं आणली. पुढचं लिहीत नाही.

वर्गात करायचं काय?

थोडं सांगते, कारण प्रत्येकाचा वर्ग वेगळा आणि साठ मुलांच्या वर्गात वीस मुलांच्या वर्गातली युक्ती चालतेच असं नाही.

गटात बसून कल्पना सुचवा, असं म्हटलं की मोठ्या आवाजाची दोन मुलं बोलतात, बाकीची पेन्सिलीला टोक करतात. मोठ्यांचंही तेच होतं. येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात चौघांनी एकत्र बसून जितक्या कल्पना काढल्या, त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना एकेकट्याने विचार केलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर निघाल्या. दुसरा बोलत असताना आपली कल्पना धरून ठेवावी लागते, तेवढ्यात ती निसटते. म्हणून आधी पाच मिनिटं प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं, बोलायचं नाही, मग शेजारच्याला दाखवायचं, मग गट. काहीच खर्च नाही, आणि लाजरी मुलं प्रथमच यादीत येतात.

दुसरी गोष्ट, ‘काहीही लिहा’ असं कधी म्हणू नये. काहीही म्हटलं की मुलं नेहमीचंच लिहितात. ‘पाऊस या शब्दाशिवाय पावसाचं वर्णन करा’ म्हटलं की हाताशी असलेली वाक्यं निकामी होतात आणि मूल वास, आवाज, चिखलात रुतलेली चप्पल यांच्या मागे लागतं. बंधन योग्य जागी घातलं तर वाट अडत नाही, ती वळते.

तिसरी मला सगळ्यात आवडणारी, आणि तिला साहित्य लागत नाही. पाठ्यपुस्तकातला प्रश्न उलटा करायचा. ‘लांबी ८ सेंमी, रुंदी ४ सेंमी, आयताचं क्षेत्रफळ काढा.’ उत्तर ३२ चौरस सेंमी, संपलं. याच्याऐवजी विचारायचं, ‘परिमिती २४ सेंमी असलेले आयत काढा. जितके निघतील तितके.’ ज्याला जेमतेम जमतं तो एक-दोन काढतो, त्याचाही बेरीज-वजाबाकीचा सराव होतो. कुणी चौकटीच्या कागदावर रेघा ओढत बसतं, कुणी दोरीचा फास बोटांवर ताणून आकार बदलून बघतं, कुणी सरळ कोष्टक मांडतं. कोणत्या मुलाने काय करावं हे मी ठरवत नाही. अकरा बाय एक, दहा बाय दोन, नऊ बाय तीन असं करत सहा बाय सहापर्यंत यादी येते. मग एकच प्रश्न: सगळ्यांची क्षेत्रफळं शेजारी लिहा, काय दिसतंय? ११, २०, २७, ३२, ३५, ३६. काहींना दिसतं, की आकार चौरसाकडे सरकतो तसं क्षेत्रफळ वाढतं. काहींना त्यांतले फरक दिसतात: नऊ, सात, पाच, तीन, एक. तो शोध मी कधीच सांगत नाही. कधी तो येतो, कधी येत नाही.

एकदा हाच तास संपत आला होता. यादी पूर्ण झाली असं मी म्हणणार, इतक्यात एका मुलीने विचारलं, ‘बाई, रुंदी अर्धा सेंटिमीटर चालेल?’ चालेल की. मग लांबी साडेअकरा. म्हणजे यादी पूर्ण झालीच नव्हती. वर्गात कुजबुज सुरू झाली. पाव सेंटिमीटर, त्याच्याही अर्धा. आयत रेघेसारखे बारीक होत चालले. तेवढ्यात मागच्या बाकावरून, ज्याच्यावर मी एकेकाळी ‘हाताने करून शिकणारा’ असा शिक्का मारला होता त्याच मुलाचा आवाज आला: ‘आणि शून्य?’

रुंदी शून्य, लांबी बारा, परिमिती चोवीस. हिशेब बरोबर आहे. तो आयत आहे का? निम्मा वर्ग हो म्हणाला, निम्मा नाही. घंटा झाली. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी ते गिळलं, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्याभोवती चौकट काढली, म्हणजे पुढच्या तासाचे सर तो पुसणार नाहीत.